पाटी वाळायच्या आत

शालू, तुझ्या फाईलीतली ती ओळ मी काढली होती.

सतरा वर्षं घशात अडकलेलं वाक्य, लिहायला बसले तर चहा निवायच्या आत झालं. ती ओळ चुकून पुसली गेली नव्हती, कॉम्प्युटरनं खाल्ली नव्हती, पेनड्राईव्हमध्ये हरवली नव्हती. मी, उजव्या हाताच्या याच बोटानं, गुणगुणत काढली. तू तेव्हा गावी, आंजीला होतीस. वेचणीला बाया मिळत नव्हत्या म्हणून चार दिवसांची सुट्टी टाकून घरचा कापूस वेचत होतीस, आणि इकडे मी तुझ्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून आत चमचा घालत होते.

तुला हे काही समजावून सांगायची गरज नाही. पण हे कागद तुझ्याशिवाय आणखी काही लोक वाचणार आहेत. का, ते पुढे येईल. म्हणून जरा पहिल्यापासून सांगते. “ताई, मुद्द्यावर या” असं तू मध्येमध्ये म्हणायचीस, तशी म्हणत राहा.

वर्ध्यात आपली तीन खोल्यांची कंपनी होती. खाली सायकलींचं दुकान, वर आपण सहा जण. जिनिंग मिलमध्ये सरकी काढलेल्या कापसाच्या, म्हणजे रुईच्या, गाठी बांधायचा जो प्रेस असतो, तो चालवणारा डबा आपण बनवायचो. बाहेरून शाळेच्या दप्तराएवढा पत्र्याचा डबा, आत एक बोर्ड, आणि त्या बोर्डावर तू लिहिलेलं छोटंसं कर्नल. कर्नल म्हणजे डब्यातला मुकादम, असं आपण मिलवाल्यांना सांगायचो. त्याच्या हाताखाली दहा-बारा थ्रेड, म्हणजे कामकरी. एक थ्रेड पेटीत रुई किती भरली ते पाहणार, एक प्रेसचा दट्ट्या खाली आणणार, एक दिवे लावणार. ज्याला काम नाही त्यानं झोपायचं, काम आलं की दुसऱ्यानं त्याला उठवायचं. कोण झोपलं आणि कोणाला उठवायचं हे सांभाळायचं मुकादमानं. ऐकायला किती सोपं. मलाही सोपंच वाटायचं, आणि तिथंच माझं घोडं अडलं.

त्या वेळच्या मला तू ओळखतेस, वाचणाऱ्यांना ओळख करून देते. वय सत्तेचाळीस, म्हणजे अक्कल यायला पुरेसं. हिंगणघाटच्या रुईच्या व्यापाऱ्याची मुलगी, नागपूरचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि अंबाड्यात आकड्याऐवजी स्क्रूड्रायव्हर खोचायची सवय. सोल्डरिंग झकास करायची, याबद्दल वाद नाही. पण मालक “ताई, तुमच्याबिगर कंपनी चालत नाई” म्हणाले की बाई दोन दिवस फुगून चालायची. ती बाई आज माझ्या दारात आली तर मी तिला पाणी देईन, पाटावर बसवीन, आणि मग तो स्क्रूड्रायव्हर काढून घेईन.

आणि तू, आंजी मोठी या गावच्या शेतकऱ्याच्या घरची सून, एमसीए झालेली, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सकाळच्या एसटीनं यायचीस आणि खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी कॉम्प्युटर चालू करायचीस. बोलायचीस कमी. तुझ्या वाट्याचं मी बोलून घ्यायचे.

आपल्याकडे एक रीत होती. प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर ज्यानं ती लिहिली त्याचं नाव, आणि ज्याचं नाव त्याचं उत्तर. दुसऱ्याच्या फाईलीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. झोप आणि जाग सांभाळणाऱ्या फाईलीच्या डोक्यावर तुझं नाव होतं. त्या फाईलीत दोन ठिकाणी एकेक ओळ अशी होती, जी काहीच करत नव्हती. म्हणजे मला तसं वाटायचं. तिच्यानं बेरीज होत नाही, वजाबाकी होत नाही, साधा एक दिवा लागत नाही. तू तिला बॅरिअर म्हणायचीस. मी तिला लिंबू-मिरची म्हणायचे.

“शालू, हे दारावरची लिंबू-मिरची काऊन टांगून ठेवली?”

“राहू द्या ताई. आपल्या बोर्डाले एकच प्रोसेसर हाय, म्हणून तिचं काम दिसत नाई. दोन आले का दिसन.”

“दोन येतीन तवा टांगजो.”

“तवा आठवण राह्यली पायजे न.”

मी हट्टाला पेटले. माझं म्हणणं असं, की आपण पहिल्या ओळीत लिहिलं ते आधी होणार, दुसऱ्या ओळीतलं नंतर. यंत्र म्हणजे काही तहसील कचेरी नाही, की मागचा कागद पुढे आणि पुढचा मागे. तू वाद घातला नाहीस. खाली जाऊन सायकलवाल्याच्या मुलीच्या दोन दगडी पाट्या मागून आणल्यास. दोन्ही ओल्या फडक्यानं पुसल्यास, एक मला दिलीस, एक स्वतः घेतलीस, आणि टेबलाच्या पलीकडे बसलीस.

“तुमी झोपणाऱ्या, मी उठवणारी. झोपाच्या आधी पाटीवर ‘झोपली’ असं लिवा, मंग माही पाटी पाहा. तिच्यावर ‘काम आलं’ असन तं झोपू नका. मी ‘काम आलं’ लिवतो अन् मंग तुमची पाटी पाहतो. तुमी झोपल्या असान तं हाक मारतो. चला.”

आपण दोघींनी एकदम लिहिलं आणि एकदम मान वर केली. ओल्या पाटीवर पेन्सिल दिसत नाही, वाळल्यावर दिसते, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तुझी पाटी मला कोरी दिसली. म्हणजे काम नाही. मी डोळे मिटले. माझी पाटी तुला कोरी दिसली. म्हणजे ताई जाग्या आहेत. तू हाक मारली नाहीस. मी डोळे मिटून बसलेली, तू गप्प बसलेली, वर पंखा फिरतोय. बऱ्याच वेळानं मी डोळे उघडले तर दोन्ही पाट्या वाळून अक्षरं ठसठशीत उठली होती. एकीवर ‘झोपली’, एकीवर ‘काम आलं’.

“दोघीयनं खरंच लिवलं,” तू म्हणालीस. “दोघीयनं बरोबर क्रमानं लिवलं. तरी तुमी जन्मभर झोपून राहान, अन् मी म्हणन, ताई जाग्या हाय, करतीन काम. माही ओळ एवढंच म्हणते, का आधी पाटी वाळू दे, मंग मान वर कर.”

दोन प्रोसेसर असले की तसंच होतं. एकानं मेमरीत लिहिलेलं दुसऱ्याला दिसायला किंचित वेळ लागतो, आणि तेवढ्यात लिहिणारा पुढचं वाचून मोकळा झालेला असतो.

मला ते कळलं होतं, शालू. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिले की मला तेव्हा नीट कळलंच नव्हतं. चांगलं कळलं होतं. पण पाट्या परत देताना मी म्हणाले, “बालवाडी बरी चालवशीन तू,” आणि सगळे हसले. तूही हसलीस.

मग दोन प्रोसेसरचा नवा बोर्ड आला. मालकांना वाटलं होतं डबा आता घोड्यासारखा पळेल. तो पळेना. हिंगणघाटच्या एका मिलवाल्याला हंगामाआधी तो दाखवायचा होता, आणि तू वेचणीला गेलेली. मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “ताई, काईबी करा, पण तुमीच करा.” झालं, बाई फुगली. बाईनं मोजून पाहिलं, तर झोप-जागेच्या प्रत्येक फेरीत तुझी ओळ डब्याला क्षणभर थांबवत होती. थांबवणं हेच तिचं काम होतं, पण मला तो आळस वाटला. मी झोपणाऱ्याच्या बाजूची ओळ काढली. उठवणाऱ्याच्या बाजूची राहू दिली. एक तर ठेवली, असं मनाशी म्हटलं, जशी काही कात्री एका पात्यावर चालते.

वेग इवलासा वाढला. दोन दिवस टेबलावर डबा चालवून पाहिला, एकदाही अडकला नाही. टेबलावर अडकणार कसा? दोघींनी नेमक्या एकाच क्षणी लिहून एकाच क्षणी मान वर करायला कामाची झुंबड लागते, आणि झुंबड मिलमध्ये असते. मी फाईल साठवली. डोक्यावरचं नाव तुझंच राहिलं. तू परत आलीस तेव्हा सांगणार होते. तू आलीस, बोंडांच्या काट्यांनी बोटं चिरलेली, मी विचारलं, “किती झाला कापूस?” आणि सांगायचं राहून गेलं.

खोटं. राहून गेलं नाही. सांगितलं असतं तर तू ओळ परत टाकली असतीस आणि मालकांसमोर माझा वेग गेला असता, म्हणून नाही सांगितलं.

डबा हिंगणघाटला बसला. पंधरा-वीस दिवस उत्तम चालला. मग भर हंगामात, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, पेटी भरली आणि प्रेस जागचा हलला नाही. पाहणाऱ्या थ्रेडनं ‘भरली’ असं लिहिलं, आणि प्रेसवाला जागाच आहे असं समजून त्याला उठवलं नाही. प्रेसवाल्यानं ‘झोपलो’ असं लिहिलं, आणि पेटी रिकामी आहे असं समजून तो झोपला. रुई वरून सांडायला लागली. एक कामगार दाताळं घेऊन पेटीत उतरला. डबा मेला असं सगळ्यांनी धरलं होतं, त्यामुळे मेन स्विच कोणी पाडला नाही. मेलेल्याला आणखी काय मारायचं. त्यानं रुई उकरली, तशी पातळी खाली-वर झाली. पाहणाऱ्या थ्रेडनं पुन्हा लिहिलं, पुन्हा पाहिलं, आणि या खेपेला त्याला प्रेसवाला झोपलेला दिसला. त्यानं उठवला. दट्ट्या खाली आला.

माणूस वाचला. बाजूच्यानं त्याची बंडी धरून त्याला ओढून काढलं. एक चप्पल तेवढी गाठीत गेली, आणि ती गाठ पुढे कुठल्या गावी गेली कोणास ठाऊक. ही चप्पल मी पुढे कित्येक वर्षं गंमत म्हणून सांगितली. लग्नात, बारशात, “आमच्या डब्यानं एकदा चप्पल पॅक केली होती” म्हणून. लोक पोट धरून हसायचे. सांगताना मी चपलेतला पाय तेवढा वगळायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी आपल्याला मधल्या खोलीत बोलावलं. मिलवाल्यानं त्यांना त्या पेटीपाशी उभं करून तासभर सुनावलं होतं. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

“हे झोपा-उठाचं कोणाच्या फाईलीत हाय?”

“माह्या,” तू म्हणालीस.

“मंग उत्तर दे.”

“दोन दिवस द्या भाऊ. मी शोधून देतो.”

“माणूस मेला असता अन् तू मले दोन दिवस मांगते?”

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही, संशयानंही नाही. रस्ता ओलांडताना आपण सोबतच्या माणसाकडे पाहतो ना, तसं. माझ्या हातात चहाची बशी होती. मी बशीवर फुंकर मारली. त्यानंतर मी गप्प बसले असते, तर निदान पाप तेवढ्यावर थांबलं असतं. पण मी बोलले. तुझी बाजू घेतल्यासारख्या समजूतदार आवाजात म्हणाले, “भाऊ, तिचं चित्त घरच्या वेचणीत होतं. होते असं कवा कवा.”

तू मान खाली घातलीस. मालकांनी फाईल तुझ्याकडून काढून मला दिली.

संध्याकाळी जिन्यात तू मला गाठलंस. तुझ्याजवळ जुनी प्रत होती, तिच्यात ओळ होती. डब्यात गेलेली प्रत आता माझ्या ताब्यात होती. तू हळूच विचारलंस, “ताई, झोपणाऱ्याच्या बाजूची ते ओळ हाय न फाईलीत?”

“पाहून सांगतो,” मी म्हटलं.

ओळ परत टाकायला मला दोन मिनिटं लागली. पण मी दोन दिवस घेतले. कपाळाला आठ्या घालून स्क्रीनपुढे बसून राहिले, दुखणं फार अवघड आहे असं सगळ्यांना वाटावं म्हणून. तू मागितले होतेस तेच ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांसाठी वर्ध्याचा गोड गोरसपाक आणला. मी दोनदा घेतला.

महिन्याभरात तू काम सोडलंस. “घरचं पाहा लागते,” एवढंच म्हणालीस. मालकांनी थांब म्हटलं नाही, मीही नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी तू आंजीत घराच्या ओसरीवर तीन कॉम्प्युटर मांडून क्लास काढलास असं कळलं. मी बालवाडी म्हणाले होते ते मला आठवलं. तुलाही आठवलं असणार.

आता आणखी एक चोरी सांगून टाकते. तू गेल्यावर मी लिहिलेल्या प्रत्येक फाईलीत बॅरिअर नीट जागच्या जागी होता. कोणी नव्या मुलीनं विचारलं, “मॅडम, हे ओळ कशाले?” की मी दोन पाट्या मागवायचे, ओल्या करायचे, आणि तोच खेळ करून दाखवायचे. मुली खूश. एकदा एका कॉलेजात हे करून दाखवलं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. “मॅडम, किती सोपं करून सांगता तुमी.” मी म्हणाले, “अनुभवानं येते.” तुझं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की त्या आता कुठे असतात.

समुद्रपूरला तुझ्या चुलत नणंदेच्या लग्नात आपण भेटलो, तू माझ्या शेजारी पंगतीला बसलीस. मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन मी ठरवलं की आत्ता सांगायचं. घसा खाकरला आणि म्हणाले, “वांग्याची भाजी तिखट झाली.” तू म्हणालीस, “हो ताई, जरा झालीच.” बस. एवढी शूर बाई मी.

आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आलीस. मी बोलावलं नव्हतं. दोन एसटी बदलून, कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन आलीस, माझ्या पायापाशी उशी नीट केलीस, आणि बसल्या बसल्या आपला जुना वाद उकरून काढलास. त्या दिवशी मी किती दिवसांनी मनापासून भांडले. मी म्हणत होते, चूक यंत्र बनवणाऱ्यांची आहे. लिहिलेला क्रम पाळायचा नसेल तर आम्ही लिहायचं तरी कशाला? तू वडी मोडून माझ्या ताटलीत ठेवलीस.

“सगळ्यायसाठी सगळ्या वेळी थांबाचं म्हटलं तं मशीन चालन कवा? ज्याले फरक पडते, त्यानं म्हणावं, का थांब.”

“अन् ज्याले म्हणाचं ते विसरला तं?”

“विसरला असन तं गोष्ट वेगळी ताई.”

मी वडी तोंडात टाकली. तू घड्याळ पाहिलंस, शेवटची आंजीची गाडी होती. दारात चपला घालताना म्हणालीस, “पुढच्या खेपेले सांगतो तुमचं कुठं चुकते ते.”

शालू, ती पुढची खेप आली नाही. तुझ्या त्या वाक्याचा मी किती अर्थ लावला असेल. कधी वाटायचं तू वादाबद्दलच बोललीस. कधी वाटायचं तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तू मला बोलायला जागा करून देत होतीस; उशी नीट केलीस तशीच. मला ते माहीत नाही, आणि आता ते ठरवायचा हक्क मला नाही. तू आलीस, वडी भरवलीस, एवढं मात्र मी कोणाला हिरावून घेऊ देणार नाही. माझ्या घरचे नातेवाईक फोनवर “कसं काय गुडघा” विचारून मोकळे झाले होते.

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तुझी मुलगी शांतपणे बोलली, “मावशी, आई गेली.” मी विचारलं, “कुठं?” बघ, बासष्टी उलटल्यावरही बाईची अक्कल तिथंच.

दुसऱ्या दिवशी मी आंजीला न येता हिंगणघाटला गेले. तुला खांदा द्यायच्या रांगेत उभं राहायचं माझ्यात बळ नव्हतं. मालक आता मुलाच्या घरी असतात, ऐंशीला टेकलेत, कानाला यंत्र आहे. मी त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि मोठ्यानं सांगितलं, कारण त्यांना हळू सांगून ऐकू येत नाही. आतल्या खोलीतली त्यांची सून बाहेर येऊन उभी राहिली. अशी बातमी ओरडून सांगावी लागली हे माझ्या नशिबात बरोबर लिहिलं होतं.

त्यांना ओळ आठवेना. चप्पल आठवत होती. तू आठवत होतीस.

“म्हणजे शालूचं काईच नोतं त्यात?”

“काईच नोतं, भाऊ.”

त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. मग म्हणाले, “म्या पाच-सहा मिलीत तिचं नाव घेतलं, बाई. लोकं विचारत, तुमचा डबा काऊन अडकला. म्या म्हणो, एक बाई होती, तिच्या हातून झालं, आता नाई ते.”

“तुमी मलेच काऊन नाई विचारलं तवा?”

“तवा ते गप होती अन् तुमी बोलून राह्यल्या होत्या. म्या बोलणाऱ्याचं ऐकलं.” मग म्हणाले, “आता त्यायच्यापाशी जाऊन तुमचं नाव घ्याले माह्यानं होत नाई. तुमीच लिवा. पोरगा नेऊन देईन जिथं जिथं म्या बोललो होतो तिथं.”

तर हे कागद त्या मिलवाल्यांसाठी आहेत. ज्यांना सांगितलं गेलं होतं की शालिनी नावाच्या बाईच्या चुकीनं प्रेस अडकला आणि एक माणूस दट्ट्याखाली जाता जाता वाचला, त्यांनी वाचावं: तिच्या फाईलीत चूक नव्हती. तिनं जे लिहिलं होतं ते दोन प्रोसेसर यायच्या कितीतरी आधीपासून बरोबर होतं. मी, कुमुद, तिच्या मागे ते मोडलं, आणि तिच्यासमोर गप्प बसले, आणि त्याहून वाईट, बोलले.

तेरवीला मात्र आले. जेवणं झाल्यावर पल्लवी ओसरीवर एकटीच होती, तुझ्या तीन कॉम्प्युटरांवर चादरी टाकून त्यांची टोकं खोचत होती. मी तिला सांगितलं. मालकांना सांगितलं तेवढंच, पण हळू आवाजात. तिनं चादर सोडली नाही.

“तुमी काम सोडलं नाई न मावशी? आईनंच सोडलं.”

“आईनंच.”

“मी धाव्वीत होतो तवा. आई घरी आली, अन् सहा महिने कॉम्प्युटरले हात नाई लावला. आमाले वाटलं, बाबा बोलले असतीन काई. मी बाबाशी बोलणं सोडलतं.” ती थांबली. “ज्या दिवशी तिले विचारलं, त्या दिवशी तुमी खोलीत होत्या?”

“होतो.”

“बसून?”

“बसून.”

“तिनं पाह्यलं का कोणाकडं? कोणी बोलते का म्हणून?”

“माह्याकडं पाह्यलं.”

एवढं सांगितलं आणि मला रडू फुटलं. म्हातारीचं रडणं, नाक-तोंड एक होणारं. मी पदर शोधत होते आणि तुझी मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिनं मला पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, “मावशी, रडू नका. तुमी रडल्या का मले तुमाले समजवा लागते, अन् आज मले कोणालेच समजवाचं नाई.”